नाण्याच्या मीटरवर घरमालक विजेचे पैसे रास्त घेतो का? ब्रिटनमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेस्टर, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, पूर्व लंडन अशा ठिकाणी खोली घेऊन राहणारी मराठी मुले आणि त्यांचे इकडचे पालक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. उदाहरणांतले दर हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. त्या जागी तुमच्या घराच्या बिलावरचे आकडे घाला. युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आपल्याकडे असते तेच.

1. खोलीत पौंडाचं नाणं टाकायचा मीटर आहे. हा वीज कंपनीचा असतो का?

नाही. वीज कंपन्यांनी नाण्यांचे मीटर केव्हाच काढून टाकले. त्यांचे आगाऊ पैसे भरायचे मीटर आता किल्लीवर, कार्डावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर चालतात. नाण्याचा मीटर दिसला, तर तो घरमालकाचा सबमीटर आहे असे समजा. कंपनीचा मुख्य मीटर जिन्याखाली किंवा दारालगतच्या कपाटात असतो. त्यावरून वीज खोल्यांकडे येते आणि वाटेत घरमालकाने प्रत्येक खोलीला आपला मीटर बसवलेला असतो. गल्ल्याची किल्ली त्याच्याकडेच असते.

खात्री करायची असेल तर घरमालकाच्या बिलावर पाहा. तिथे 13 आकडी पुरवठा क्रमांक असतो, त्याला एमपॅन म्हणतात. तो मुख्य मीटरच्या जोडणीचा असतो. सबमीटरला असा क्रमांक नसतो. याचा अर्थ कंपनीचा ग्राहक घरमालक आहे आणि तुम्हाला वीज विकणारा तो आहे. पुढची सगळी उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

2. असा मीटर लावणं बेकायदेशीर नाही का?

नाही. घरमालक सबमीटर लावू शकतो आणि नाणीही घेऊ शकतो. मात्र ज्या मीटरवर पैसे आकारले जातात तो मान्यताप्राप्त प्रकारचा असावा लागतो आणि त्याची चूक ठरलेल्या मर्यादेत असावी लागते. वापरातल्या मीटरला जास्तीकडे 2.5 टक्के आणि कमीकडे 3.5 टक्के इतकी सूट आहे. भाडेकरूंच्या तक्रारींत मीटर बिघडलेला क्वचित निघतो. बहुतेक वेळा गडबड असते ती मीटरमध्ये भरलेल्या दरात.

3. युनिटला जास्तीत जास्त किती पैसे घेता येतात?

घरमालक कंपनीला जेवढे देतो तेवढेच. ऑफजेम ही तिथली वीज आणि गॅसची नियामक संस्था. तिने 1989 च्या वीज कायद्याच्या कलम 44 खाली घरगुती वापराच्या विजेसाठी कमाल पुनर्विक्री दर ठरवला आहे. 1 जानेवारी 2003 पासून नियम असा आहे की विकत घेतलेली वीज पुढे विकताना त्यावर नफा घ्यायचा नाही. युनिटचा दर, रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो नसो, जोडणीसाठी पडणारा ठरावीक आकार) आणि त्यावरचा 5 टक्के व्हॅट एवढे वसूल करता येते. गॅसलाही असाच नियम आहे.

हा नियम इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडचा नियामक वेगळा आहे, त्यामुळे बेलफास्टला असाल तर तिथले नियम पाहावे लागतील.

ऑफजेमने घरगुती ग्राहकांसाठी ठरवलेली किंमत-मर्यादा ही वेगळी गोष्ट आहे. ती कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यातली आहे. तुमच्यासाठी मर्यादा म्हणजे घरमालकाचे खरे बिल. त्याने स्वस्त करार मिळवला असेल, तर तुमची मर्यादाही तितकीच खाली येते.

4. मग एका पौंडात किती युनिट मिळायला हवेत?

आपल्याकडे महावितरणच्या बिलात 100, 300, 500 युनिटांचे टप्पे असतात आणि वापर वाढला की दर चढतो. ब्रिटनमध्ये साध्या करारात सगळ्या युनिटांना एकच दर असतो, शिवाय वापर असो नसो, रोजचा स्टँडिंग चार्ज पडतो. हिशेब म्हणून सोपा आहे.

समजा बिलावर व्हॅटसह युनिटला 26 पेन्स आणि स्टँडिंग चार्ज दिवसाला 54 पेन्स आहे. घरात पाच खोल्या आहेत. म्हणजे स्टँडिंग चार्जचा एका खोलीचा वाटा दिवसाला 10.8 पेन्स, 30 दिवसांचे 3.24 पौंड. तुमचा महिन्याचा वापर 90 युनिट असेल तर विजेचे 23.40 पौंड, त्यात 3.24 मिळवले की 26.64 पौंड. भागिले 90 केले की युनिटला 29.6 पेन्स येतात. म्हणजे एका पौंडात साधारण 3.4 युनिट मिळाले तर हिशेब सरळ आहे. मीटर पौंडाला 2.5 युनिटच देत असेल तर दर 40 पेन्सचा झाला. मग त्याच 90 युनिटांचे 36 पौंड जातात. महिन्याला 9.36 पौंड जास्त, वर्षाला 112 पौंडांवर.

इथे एक पेच आहे. बऱ्याच नाण्याच्या मीटरांना रोजचा आकार वेगळा कापता येत नाही, म्हणून घरमालक तो युनिटच्या दरात मिसळतो. त्यामुळे नुसते 26 आणि 30 पाहून लूट झाली असे म्हणता येत नाही. सरसकट 30 पेन्स दर असेल, तर महिन्याला 40 युनिट वापरणारा 12 पौंड देतो, पण त्याच्या वाट्याला खरे 13.64 येतात. 150 युनिट वापरणारा 45 देतो आणि त्याचे खरे 42.24 होतात. कमी वापरणाऱ्याचा थोडा फायदा होतो आणि जास्त वापरणाऱ्याच्या खिशातून थोडे जास्त जातात. म्हणून पडताळणी दोनदा करा. एकदा तुमच्या खोलीपुरती आणि जमल्यास एकदा घरभराची. सगळ्या खोल्यांच्या गल्ल्यांत तीन महिन्यांत पडलेली नाणी त्या तीन महिन्यांच्या बिलापेक्षा जास्त भरता कामा नयेत.

5. मीटरवर दर लिहिलेलाच नाही. तो शोधायचा कसा?

मीटरवर एकूण युनिट दिसत असतील तर काम सोपे आहे. रविवारी रात्री आकड्याचा फोटो काढा, टाकलेले प्रत्येक नाणे तारखेसह लिहा आणि चार आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा. सुरुवातीची आणि शेवटची शिल्लकही टिपून ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. खर्च झालेले पैसे भागिले वापरलेले युनिट म्हणजे तुमचा दर.

काही मीटर युनिट दाखवत नाहीत, फक्त पौंड-पेन्समधली शिल्लक दाखवतात. तिथे हीटर लावून बघा. 2 किलोवॉटचा पंख्याचा हीटर घ्या. तेलाचा रेडिएटर नको, कारण तो तापला की आपोआप बंद-चालू होत राहतो. खोलीतले बाकी सगळे प्लग काढा, फ्रिजसुद्धा दीड-दोन तास बंद राहिला तर बिघडत नाही. हीटरचा थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवा, खिडकी उघडी ठेवा आणि शिल्लक बरोबर एक पौंडाने कमी व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. 1 तास 40 मिनिटे लागली तर 3.33 युनिट, म्हणजे दर 30 पेन्स. 1 तास 15 मिनिटांतच पौंड संपला तर 2.5 युनिट, म्हणजे 40 पेन्स.

या चाचणीत दहा टक्क्यांची चूक सहज होते. पाटीवर 2 किलोवॉट लिहिलेला हीटर व्होल्टेजप्रमाणे कमी-जास्त ओढतो. 230 व्होल्टला 2 किलोवॉट घेणारा हीटर 240 व्होल्टला 2.18 घेतो. म्हणून 30 की 32 यावर भांडू नका. फरक 30 आणि 40 चा असेल तर तो हीटरमुळे आलेला नसतो. अचूक आकडा हवा असेल तर प्लगमध्ये बसणारा वीजमापक आणा. हीटर त्यातून चालवला की किती युनिट गेले ते थेट दिसते.

एक इशारा. काही जुनी यंत्रे वीज मोजतच नाहीत, वेळ मोजतात. एका पौंडात अमुक तास पुरवठा, मग तुम्ही दिवा लावा नाहीतर हीटर. हे ओळखायला शिल्लक तीच ठेवून फक्त एक दिवा लावून पाहा. दिवा आणि हीटर दोन्हींवर शिल्लक सारख्याच वेगाने उतरली तर ते टायमर आहे. वापराशी काडीचा संबंध नसलेल्या अशा आकारणीचा मेळ बिलाशी लावून दाखवणे घरमालकाला फार अवघड जाते. तुमच्या अर्जात (प्रश्न 10) हे ठळकपणे लिहा.

6. घरमालक प्रत्येक खोलीकडून पूर्ण स्टँडिंग चार्ज घेतो. बरोबर आहे का?

नाही. घराला मुख्य मीटर एक, तर स्टँडिंग चार्जही एकच. पाच खोल्यांकडून रोज 54 पेन्स घेतले तर दिवसाला 2.70 पौंड जमतात आणि कंपनीला जातात 54 पेन्स. घरमालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर त्याचा वाटाही धरायला हवा. खोली रिकामी असली की तिचा वाटा बाकीच्यांवर टाकला जातो का, तेही विचारा.

7. खोलीत कोणी नसतानाही पैसे संपतात. मीटर पळतोय का?

आधी मीटरला दोष देऊ नका. सगळे प्लग काढा, दिवे बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटे पाहा. जुन्या मीटरमध्ये कडेला काळी खूण असलेली चकती फिरते, ती पाहा. चकती थांबली किंवा लुकलुकणे थांबले तर मीटर ठीक आहे, वीज तुमच्याच एखाद्या उपकरणात जात होती.

लुकलुकणे चालूच राहिले तर मोजा. मीटरवर युनिटला 1000 स्पंद (म्हणजे लुकलुकी) असे लिहिले असेल, तर दर 36 सेकंदांना एक लुकलुक म्हणजे 100 वॉट. एवढ्यात पॅसेजमधला दिवा आणि एखादा फ्रिज चालतो. मिनिटाला 50 लुकलुकी म्हणजे 3 किलोवॉट. तो बहुधा पाणी तापवायच्या टाकीतला हीटर असतो. आता उलटी परीक्षा करा. तुमच्या खोलीचा मेन स्विच बंद करा आणि बाहेर काय बंद पडते ते शेजाऱ्याला बघायला सांगा. जिन्यातला दिवा, सामाईक न्हाणीघरातला शॉवर, कधी शेजारच्या खोलीतला एखादा सॉकेटही तुमच्या मीटरवर निघतो. मोठ्या घराच्या खोल्या पाडताना वायरमनने जवळची लाइन पकडली की असे होते. सापडले तर व्हिडिओ काढा. झाकण किंवा वायर मात्र उघडू नका.

विजेच्या शॉवरचा खर्च बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 9 किलोवॉटचा शॉवर दहा मिनिटे चालला की 1.5 युनिट जातात. 30 पेन्सने ते 45 पेन्स झाले. रोजच्या अंघोळीचेच महिन्याला साडेतेरा पौंड होतात. तो तुमच्या एकट्याच्या मीटरवर असेल आणि घरातले सगळे वापरत असतील, तर पैसे जाताहेत कुठे ते तिथेच कळते.

8. मीटरचा खर्च, नाणी गोळा करायची मेहनत याचे पैसे तो दरात लावू शकतो का?

विजेच्या दरात नाही. रीडिंग घेणे, मीटर दुरुस्त करणे, नाणी बँकेत भरणे हा त्याच्या धंद्याचा खर्च आहे आणि कमाल दरात तो धरता येत नाही. वेगळी फी म्हणून मागितली तर इंग्लंडमध्ये 1 जून 2019 पासून भाडेकरू शुल्क कायदा आड येतो. भाडे, डिपॉझिट, वीज-पाणी अशा मोजक्याच बाबींचे पैसे मागता येतात. वेल्समध्ये असाच कायदा 1 सप्टेंबर 2019 पासून आहे. खोली देतानाच हा खर्च भाड्यात धरला असेल तर ती वेगळी गोष्ट. ते भाडे तुम्ही पाहून, मान्य करून घेतलेले असते.

9. दर 2022 मध्ये वाढवला तो आजवर तसाच आहे. चालतं का?

बिल उतरले असेल तर चालत नाही. जास्त आकारणीचे हे एक मोठे कारण आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून सरकारी सवलतीनंतरही युनिटचा सरासरी दर 34 पेन्सच्या आसपास होता. तेव्हा घरमालकांनी मीटर 36, 38, 40 पेन्सला लावून घेतले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये किंमत-मर्यादेतला सरासरी दर 30 पेन्सच्या खाली आला, पण खोल्याखोल्यांत जाऊन मीटर पुन्हा लावायला कोण वेळ काढतो? जुन्या यांत्रिक मीटरमध्ये दर बदलायला आतले दाते बदलावे लागतात, त्यामुळे आणखीच चालढकल होते. किंमत-मर्यादा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बदलते. घरमालकाचा करार त्यानुसार बदलणारा असेल तर या चार महिन्यांत दर विचारायची सवय ठेवा. मीटर लगेच बदलता येत नसेल, तर फरक त्याने रोख परत करावा किंवा भाड्यातून वळता करावा.

10. बिल दाखवा म्हटलं की टाळतो. काय करायचं?

तोंडी मागणी थांबवा आणि ईमेल पाठवा. त्यात चार गोष्टी मागा: कोणत्या तारखेपासून कोणता युनिट दर, स्टँडिंग चार्ज किती आणि तो किती जणांत वाटला, माझ्या मीटरवर पौंडाला किती युनिट ठेवले आहेत, आणि या काळातल्या कंपनीच्या बिलांच्या प्रती. सोबत तुमचा प्रश्न 5 मधला तक्ता जोडा. 14 दिवसांची मुदत द्या. भाषा सौम्य ठेवा, पण कमाल पुनर्विक्री दराचा उल्लेख जरूर करा. हा नियम ठाऊक असलेला भाडेकरू समोर आहे हे कळल्यावर बरेच घरमालक इथेच हिशेब दुरुस्त करतात. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक पत्र दिले तर त्याला वजन येते आणि कोणा एकावर रोष धरला जात नाही.

11. जास्त घेतलेले पैसे परत मिळतात का? तक्रार ऑफजेमकडे करायची का?

पैसे मिळतात, व्याजासह मागता येतात, पण ऑफजेम ते मिळवून देत नाही. ती नियम करते, एकेकाचे भांडण सोडवत नाही. ऊर्जा लोकपालही तुमच्या कामाचा नाही, कारण तो कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी घेतो. तुमचे भांडण घरमालकाशी आहे, म्हणून वाट दिवाणी न्यायालयाची.

इंग्लंड आणि वेल्समध्ये काउंटी कोर्टात लहान रकमेचा दावा ऑनलाइन करता येतो, 10,000 पौंडांपर्यंत, तोही वकिलाशिवाय. मागची सहा वर्षे पकडता येतात. स्कॉटलंडमध्ये शेरीफ कोर्टात 5,000 पौंडांपर्यंत साधी पद्धत आहे. दाव्याआधी शेवटचे पत्र पाठवावे लागते. त्यात रक्कम, हिशेब आणि मुदत लिहा. त्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या सल्ला केंद्रात कागद दाखवून घ्या. दोन्हीकडे सल्ला मोफत मिळतो.

स्वतःच हिशेब करून भाड्यातून पैसे कापू नका. तसे केले तर थकबाकीदार तुम्ही ठरता.

12. भाड्यात वीज धरलेली आहे. मग हा नियम लागू होतो का?

भाडे एकरकमी असेल आणि विजेचा आकडा वेगळा नसेल तर लागू होत नाही. पण करारात वीज समाविष्ट लिहून खोलीत नाण्याचा मीटरही असेल तर तो कशासाठी, हे लेखी विचारा. एकाच विजेचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. महिन्याला अमुक युनिट फुकट आणि पुढे नाणी, अशी अट असेल तर त्या पुढच्या युनिटांना प्रश्न 3 मधली मर्यादा लागते.

13. खोलीत रात्री तापणारे स्टोरेज हीटर आहेत. दर कसा काढायचा?

असे हीटर बहुधा इकॉनॉमी 7 करारावर असतात. रात्रीच्या सात तासांत वीज स्वस्त, दिवसा महाग. नाण्याच्या साध्या मीटरला रात्र-दिवस कळत नाही आणि घरमालक सरसकट दिवसाचा दर लावून मोकळा होतो. समजा दिवसाचा दर 32 पेन्स, रात्रीचा 15 आणि घराच्या बिलावर 60 टक्के युनिट रात्रीचे आहेत. मग सरासरी 21.8 पेन्स येते. तुमच्या मीटरचा दर 32 असेल तर प्रत्येक युनिटला दहा पेन्सने फसता आहात. बिलावर दोन्ही रीडिंग स्वतंत्र छापलेली असतात, ती मागून घ्या.

14. खाली दुकान, वर आमच्या खोल्या. घरमालक म्हणतो व्यावसायिक करार आहे, दर जास्तच पडतो.

हे खरे असू शकते. व्यावसायिक कराराला किंमत-मर्यादा लागू नसते आणि घरमालक खरेच जास्त देत असेल तर तो तेवढे घेऊ शकतो. पण व्हॅट तपासा. व्यावसायिक बिलावर 20 टक्के लागतो, राहण्याच्या जागेसाठी 5 टक्के. जोडणीवरचा 60 टक्के किंवा त्याहून जास्त वापर राहण्यासाठी असेल तर घरमालक कंपनीला दाखला देऊन सगळ्या बिलावर 5 टक्के लावून घेऊ शकतो. तो एक कागद न भरल्यामुळे तुम्ही विनाकारण जादा व्हॅट भरत असता.

15. नाणं अडकलं आणि घरमालक चार दिवस फिरकला नाही. अंधारात राहायचं का?

नाही. विजेची जोडणी चालू आणि दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचे कलम 11 तेच सांगते. फोन करा, लगेच लेखी कळवा आणि अडकलेल्या नाण्याचा फोटो पाठवा. गल्ला तुडुंब भरला की नाणे खाली पडतच नाही, हे नेहमीचे कारण आहे. सुरीने किंवा तारेने नाणे काढायला जाऊ नका. एक तर विजेचा धोका, दुसरे म्हणजे उद्या गल्ला फोडल्याचा आळ तुमच्यावर येईल.

भांडण झाले म्हणून त्याने मुद्दाम वीज तोडली, तर इंग्लंड-वेल्समध्ये भाडेकरूला हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या 1977 च्या कायद्याखाली तो छळाचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. स्थानिक कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाला त्याच दिवशी कळवा.

16. मीटर फक्त जुनी गोल पौंडाची नाणी घेतो. ती घरमालक विकतो.

बारा बाजूंचे नवे नाणे 28 मार्च 2017 ला आले आणि गोल नाणे 15 ऑक्टोबर 2017 ला चलनातून गेले. मीटर बदलण्याऐवजी जुनी नाणी टोकन म्हणून फिरवली, तर हिशेब तुम्ही टोकनसाठी मोजलेल्या पैशांवर करायचा. 1.20 पौंडाला घेतलेल्या टोकनमध्ये 3.3 युनिट मिळाले तर दर 30 नव्हे, 36 पेन्स झाला. टोकन घेताना पैसे शक्यतो बँकेतून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

17. खोली सोडताना मीटरमध्ये सात पौंड शिल्लक आहेत. मिळतील का?

ती न वापरलेल्या विजेची आगाऊ रक्कम आहे, तेव्हा मागा. किल्ल्या देण्याच्या दिवशी शिल्लक आणि युनिट दोन्ही दिसतील असा फोटो काढून डिपॉझिटच्या ईमेलमध्येच ही रक्कम लिहा. शेवटच्या आठवड्यात एकेकच नाणे टाकले तर प्रश्नच येत नाही. खोली घेताना आधीच्या भाडेकरूची शिल्लक दिसली तर तीही पहिल्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर प्रश्न 5 चा हिशेब जुळणार नाही.

18. पुण्यात घरमालक सबमीटरवर ठरवेल तो दर लावतो. तिथे हा नियम वापरता येईल का?

नाही, कमाल पुनर्विक्री दर हा ब्रिटनचा नियम आहे. महाराष्ट्रात दोन आधार धरता येतात. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर तिथे राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 प्रमाणे घरमालकाला योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज तोडता येत नाही. सबमीटरचा दर मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या. एका मीटरवर चार बिऱ्हाडे असली की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात, म्हणून करारात नुसता आकडा नको, महावितरणच्या बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट ही रीत लिहा.